शिरूरात बसून केलेली जर्मनी

मी दीड वर्ष जर्मनीत होतो आणि त्या दीड वर्षात शिरूर कासार सोडून फार तर बीडपर्यंत गेलो. हे कसं जमलं, असं लोक आता विचारतात. तेव्हा कोणी विचारलं नाही. तेव्हा विचारायचे ते एवढंच, की तिकडं थंडी किती असते. मी सांगायचो. थंडीबद्दल कोणालाही काहीही सांगता येतं.

जर्मनीला गेली होती माझी बायको. ती बीडच्या एका खासगी दवाखान्यात सिस्टर होती. एसटीनं जाता-येता कानात इअरफोन घालून ती जर्मन शिकली. सकाळी भाकरी थापताना ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची, आणि माझ्या आईला वाटायचं की सून देवाधर्माला लागली. आईनं तसं चार घरी कौतुकानं सांगितलंही होतं. एकामागून एक चार परीक्षा देऊन ती पास झाली आणि तिकडच्या एका इस्पितळात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात तिला नोकरी लागली.

मी त्या वेळी काय करत होतो, तर भूगोल शिकवत होतो. शाळा विनाअनुदानित. विनाअनुदानित शाळेत इमारत असते, मुलं असतात, मास्तर असतो आणि पगार यायचा असतो. माझा आवडता धडा स्थलांतराचा. स्थलांतराची कारणं, स्थलांतराचे परिणाम, सगळं तोंडपाठ. हा धडा नेमका दिवाळीनंतर यायचा, तेव्हा अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊस तोडायला गेलेला असायचा. उरलेल्या मुलांना मी फळ्यावर परिणाम लिहून द्यायचो : परकीय चलन मिळते, राहणीमान उंचावते, कुशल मनुष्यबळाची कमतरता भासते. मागं राहिलेल्या नवऱ्याचं काय होतं, याबद्दल पुस्तकात एक ओळ नव्हती.

आमच्याकडं फ्लेक्स लागल्याशिवाय कोणतीही गोष्ट घडली असं धरत नाहीत. कोणाचा वाढदिवस असो, कोणी कुठल्या आघाडीचा उपाध्यक्ष होवो, फ्लेक्स लागतोच. फक्त ऊसतोडीला जाणाऱ्यांचा लागत नाही. ट्रक भरभरून माणसं कर्नाटकात जातात, तिथं परकी भाषा ऐकतात, सहा महिने पालात राहून परत येतात, पण त्याला कोणी परदेश म्हणत नाही. जर्मनीचं तसं नव्हतं. बायकोचा व्हिसा आला त्याच दिवशी गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष दारात हजर झाला आणि त्यानं फोटो मागितला. मी आत जाऊन बायकोचा पासपोर्टवाला फोटो आणून दिला.

त्यानं तो बघितला आणि सांभाळून परत माझ्या हातात ठेवला. "सर, तुमचा द्या. वहिनीसाहेबांचा फोटू चौकात, पानटपरीसमोर... बरं दिसत न्हाई. पोरं कसले बी अस्त्यात."

मी त्याला म्हणालो की अरे, जाणार ती आहे. तो म्हणाला, त्यात काय, सगळ्यांना माहीतच हाय की. मला ते पटलं. खरं तर पटायला फार वेळही लागला नाही, आणि आज त्याचीच लाज वाटते. मी कपाटातून माझा फोटो काढून दिला.

फ्लेक्स मोठा झाला. वरच्या रांगेत नेते, त्यांच्या शेजारी काळा चष्मा लावलेले त्यांचे चिरंजीव, मग सरपंच, मग मंडळाची कार्यकारिणी, आणि मधोमध मी. अंगात कोट. तो कोट माझा नव्हता. फ्लेक्सवाल्यानं माझं डोकं कॉम्प्युटरवर कोणत्यातरी नवरदेवाच्या धडावर बसवलं होतं, कारण खिशाला गुलाब होता. खाली मजकूर : 'जर्मनी येथे निवड झाल्याबद्दल सर व परिवाराचे हार्दिक अभिनंदन.' परिवारात बायको येते, असं मी स्वतःला समजावलं. संध्याकाळी सत्कार झाला. मला फेटा, शाल, श्रीफळ. तिला आतल्या खोलीत बायकांनी हळदीकुंकू लावून खणानारळानं ओटी भरली. बाहेर माइकवरून माझ्या जिद्दीचं कौतुक चाललं होतं आणि मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांनी तो विनय समजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप चौकातून निघाली तेव्हा तिनं काच खाली करून फ्लेक्स नीट वाचला. आमची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची, तिच्या मांडीवर होती. "फोटो चांगला आलाय तुमचा," ती म्हणाली आणि काच वर केली. मुंबईपर्यंत ती मुलीशीच बोलत होती.

तिला विमानतळावर सोडून मी मुलीला घेऊन परत आलो, शाळेत रुजू झालो, आणि पंधरा दिवसांनी बाजारात कोथिंबीर घेताना सिरसाळ्याचा एक ओळखीचा कापूस व्यापारी भेटला. त्यानं विचारलं, "सर, कवा आलात?" मी सरळपणानं सांगितलं की मी गेलोच नव्हतो, मिसेस गेल्यात. त्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आला, मग दया आली, आणि मग त्यानं आवाज बारीक करून विचारलं, "मग स्वयंपाक कोण करतं?"

पुढचे दोन महिने मी हेच सांगत फिरलो. कोणी भेटलं की खुलासा, आणि खुलाशाच्या शेवटी स्वयंपाक. एसटीत स्वयंपाक, शाळेत स्वयंपाक, मयतीला गेलो तर तिथंही एकानं कानाशी येऊन स्वयंपाकाचीच चौकशी केली. बायकोनं कोणती भाषा शिकली, ती तिथं काय करते, राहते कुठं, हे कोणी विचारलं नाही. शेवटी नारायणगडाच्या यात्रेत एकानं "कवा आलात?" म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुट्टीवर आलोय." त्यानं लगेच आपल्या दोन्ही पोरांना माझ्या पाया पडायला लावलं. सुट्टीवर आलेल्या माणसाला स्वयंपाक कोण करतं, हे कोणी विचारत नाही.

एकदा सवय लागल्यावर बरं वाटायला लागलं, हे मी लपवणार नाही. स्टँडवरच्या हॉटेलात मला पंख्याखालची खुर्ची मिळू लागली. आमचे संस्थाचालक, ज्यांनी सात वर्षांत मला नावानिशी कधी हाक मारली नव्हती, ते, मी रोज त्यांच्याच शाळेत शिकवत असूनही, 'साहेब' म्हणू लागले. गल्लीला अर्थातच सगळं माहीत होतं, पण आपल्या गल्लीचा माणूस जर्मनीत आहे हे गल्लीलाही सोयीचं होतं. लोक पोरांचे दाखले आणि ड्रायव्हिंग लायसन घेऊन यायचे, की याच्यावर तिकडं काही होतं का बघा. मी लायसन उलटंपालटं करून बघायचो आणि सांगायचो, थंडी लई असते, पोराला झेपंल का बघा. त्यावर बाप विचारात पडायचा. सुट्टी इतकी लांब कशी, हा प्रश्न शेजारच्या गावातल्या एका हेडमास्तरांना पडला होता. त्यांना मी सांगितलं की तिकडं पद्धतच तशी आहे. त्यांनी सुस्कारा टाकून आपल्या सरकारला नावं ठेवली.

बायको रोज संध्याकाळी, तिकडची दुपार असताना, व्हिडिओ कॉल करायची. वॉर्डात एक म्हातारी आहे म्हणाली, रोज सकाळी नव्यानं नाव विचारते आणि मी रोज नव्यानं सांगते. हे सांगताना ती हसायची. मुलीला वेण्या नीट घालता का बघायची, आईच्या गुडघ्यांचं विचारायची आणि शेवटी तिचं ठरलेलं वाक्य असायचं : परीक्षेचं काय केलंत?

परीक्षा माझी होती. नवऱ्याला आणि मुलीला तिकडं न्यायचं तर नवऱ्यानं जर्मनची पहिल्या पायरीची परीक्षा पास व्हायला पाहिजे. बीडला क्लास होता. दोन-तीन महिन्यांचं काम. ती बाळ झोपवता झोपवता चार पायऱ्या चढली होती, मला एक चढायची होती. मी म्हणालो, बोर्डाचे पेपर आहेत. मग म्हणालो, आईचे गुडघे. मग निवडणुकीची ड्युटी. खरं कारण एवढंच, की ज्या माणसाला अख्खा तालुका जर्मनीतून आलेला समजतो, तो पोरीबाळींच्या मधे बसून एक, दोन, तीन जर्मनमध्ये कसा म्हणणार? कोणी बघितलं तर? जर्मनीला गेल्याचं नाव झाल्यामुळं मला जर्मनीला जाता येत नव्हतं. दोनशे पानांच्या भूगोलातही असा अडथळा मी कधी शिकवला नव्हता.

मधे आईला ताप भरला म्हणून बीडला त्याच दवाखान्यात नेलं, जिथं बायको कामाला होती. तिच्यामागून आणखी तीन सिस्टर तिकडं गेल्या होत्या. वॉर्डात एकच मुलगी, नवी, इकडून तिकडं पळत होती. आईची शीर तिला तीनदा सापडली नाही. चौथ्यांदा सुई बसली तेव्हा आई तिला म्हणाली, "शिक बाई नीट, अन् शिकलीस की तू बी जाशील." कुशल मनुष्यबळाची कमतरता मी फळ्यावर दहा वेळा लिहिली होती. आईच्या हातावर ती निळी झालेली तेव्हा पहिल्यांदा बघितली.

मग ती संध्याकाळ आली. माझे एक लांबचे मावसभाऊ, त्यांच्या पोराचं काहीतरी बघा म्हणून, पेढे घेऊन आले होते. नेमका बायकोचा कॉल आला. मी फोन उचलून डब्याला टेकवून ठेवला, की पाहुणे गेले की बोलू. पाहुण्यांना तो दिसत नव्हता. मुलगी माझ्या मांडीवर बसली होती. पाहुण्यांनी तिला पेढा दिला आणि लाडानं विचारलं की मम्मी कुठं गेलीय गं तुझी?

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मम्मी कुठंच न्हाई गेली. पप्पा जर्मनीला गेलेत."

माझ्या मांडीवर बसून म्हणाली. पाहुणे हसले, आत बघून "वहिनी कामात दिसत्यात" म्हणाले, आणि मी, काय सांगू, मीही हसलो. डब्याकडं बघितलं तर फोनवर बायकोचा चेहरा होता. ती रागावलेली नव्हती. नुसती बघत होती. मग स्क्रीन काळी झाली. मी पाहुण्यांना चहा करायला आईला सांगितलं.

पोरगी लहान आहे, ऐकून ऐकून तिचा गोंधळ झालाय, असं मी मनाशी ठरवलं. तरी अन्न गोड लागेना. तीन दिवस बायको कॉल करायची, आईशी बोलायची, मुलीशी बोलायची आणि ठेवून द्यायची. मी समोर जाऊन बसलो तरी नेटवर्क गेल्यासारखं करायची. तिसऱ्या दिवशी आईनं फोन खाली ठेवला आणि ज्वारी निवडता निवडता माझ्याकडं न बघता बोलली. आई ऐन उमेदीत वीस हंगाम ऊस तोडायला गेलेली आहे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि कोयता लागायचा नवऱ्याच्या नावावर.

"मुकादम तुझ्या बापाचं नाव लिव्हायचा," आई म्हणाली. "मोळ्या मी बी तेवढ्याच बांधल्या. तू पोटात व्हतास तवा बी बांधल्या. पर कागुद बघितला तर मी कवा ऊसाला गेलतेच न्हाई. तुझा बाप अडाणी व्हता. तू तर मास्तर हायस. तुला कावून लागतंय तसलं?"

उत्तराची वाट न बघता आईनं सूप उचललं आणि ती पाखडायला बाहेर गेली. माझा बाप मेल्याला बारा वर्षं झाली होती आणि त्या दुपारी मला त्याची आणि माझी, दोघांची सारखीच शरम वाटली.

त्याच आठवड्यात बीडहून निमंत्रण आलं. एका मंगल कार्यालयात जर्मन भाषेचा नवा वर्ग सुरू होत होता, आणि उद्घाटक म्हणून जर्मनीस्थित मार्गदर्शक असा मी छापलेला होतो. नाही म्हणायला फोन उचलला आणि तसाच ठेवला. कपडे करून एसटीत बसलो.

कार्यालय मुलींनी भरलेलं. बहुतेक नर्सिंगच्या, काही जणी बाळ मांडीवर घेऊन आलेल्या. मला फेटा बांधला, समई पेटवली. वर्ग चालवणाऱ्या गृहस्थांनी माझी ओळख करून दिली, तिच्यात मी जर्मनीत नेमकं काय करतो ते सोडून सगळं होतं. शेवटी ते म्हणाले, "सरांना विनंती, की दोन शब्द जर्मनमधून बोलावेत." टाळ्या झाल्या आणि माइक माझ्या हातात आला.

मी म्हणालो की मला जर्मन येत नाही. सगळे हसले. मी म्हणालो की मी जर्मनीला गेलेलो नाही, मी शिरूरला असतो, माझी बायको गेली आहे, आणि दीड वर्ष मी लोकांना खोटं सांगतोय. आणखी मोठ्यानं हसले. मला राग आला. मी ओरडून सांगितलं की माझं नाव या वर्गात लिहून घ्या, पहिल्या पायरीला, मला मुलीला घेऊन तिच्या आईकडं जायचंय. त्यावर तर टाळ्यांचा कडकडाट झाला. गृहस्थांनी माइक हळूच काढून घेतला आणि सांगितलं की बघा, एवढा मोठा माणूस पण स्वतःला विद्यार्थी समजतो, विनम्रता यालाच म्हणतात. खोटं बोलायला मला काही कष्ट पडले नव्हते. खरं बोलायला मात्र घाम फुटला, आणि ते कोणी घेईना.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी मात्र हसली नव्हती. तिच्या मांडीवर वही होती. तिनं हात वर केला आणि विचारलं, "सर, मॅडमचं नाव काय?"

मी नाव सांगितलं. लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर चारचौघांत बायकोचं नाव मी घेतलं नव्हतं. फोनवर 'अगं', आणि लोकांत 'मिसेस'. त्या मुलीनं ते वहीत लिहून घेतलं आणि आडनावाचं स्पेलिंग विचारलं. तेही सांगितलं. मग मी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि खाली जाऊन बसलो.

संध्याकाळी कॉल आला तेव्हा मी आईच्या हातातून फोन घेतला आणि सगळं सांगितलं. बायकोनं शेवटपर्यंत ऐकलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "कुठल्या बाकावर बसलात?" मी म्हणालो, शेवटच्या. "पुढं बसत जा, मागं ऐकू येत नाही," एवढं बोलून तिनं मुलीला बोलावून घेतलं.

पुढं बसायला लागलो. माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची पोरगी, ती मला चुका दाखवायची. पहिल्या परीक्षेत मी नापास झालो. ही बातमी मात्र शिरूरला लगेच कळली आणि लोकांनी लगेच खरी मानली. हॉटेलात असं ठरलं की सरांना जर्मन येईना म्हणून तिकडच्या सरकारनं परत पाठवलं. पंख्याखालची खुर्ची गेली. ज्यानं पोरांना पाया पडायला लावलं होतं तो रस्ता बदलू लागला. मंडळाच्या अध्यक्षानं मला समजावलं, "जाऊ द्या सर. तुमी गेलता, ह्येच लई हाय." मी त्याला पुन्हा एकदा सांगितलं की मी गेलो नव्हतो. त्यानं माझा खांदा थोपटला.

दुसऱ्या खेपेला पास झालो. कागद हलले, तारीख ठरली. आई यायला तयार नव्हती. ती माझ्या बहिणीकडं राहणार असं ठरलं, आणि त्या निर्णयात माझ्यासाठी अभिमानाचं काही नाही. तिच्या गुडघ्यांना तेल लावायला आता मी नसणार, आणि मी तिकडं, जिथं माझी बायको दुसऱ्या कोणाच्या तरी आईची सेवा करते, त्या गावात जाऊन राहणार.

मुलीचा शाळेचा दाखला काढायला मी तिला घेऊन गेलो. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, शाळेत क्लार्क आणि शिपाई दोघंच. क्लार्कनं रजिस्टर बघून भराभर रकाने भरले आणि शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात, न विचारता, 'वडिलांची बदली' लिहिलं. मी म्हणालो, माझी बदली झालेली नाही, मी तर नोकरीच सोडलीय. आईच्या नोकरीमुळं असं लिहा. तो म्हणाला, तसं लिहीत न्हाईत. मी म्हणालो, लिहा. तो म्हणाला, आजपर्यंत कधी लिहिलेलं न्हाई, पुढं अडचण येईल. मी म्हणालो की अडचण मी बघतो, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. शेवटी त्यानं कपाटातून कोरा दाखला काढला आणि पहिल्यापासून सगळं परत लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात मुलीनं तो कागद माझ्याकडून मागून घेतला. आता ती सात वर्षांची आहे, अक्षराखाली बोट धरून वाचते. त्या रकान्याशी ती थांबली आणि तिनं तो दोनदा वाचला.

"पप्पा," ती म्हणाली, "मग आता सांगू का सगळ्यांना, मम्मी गेलीय म्हणून?"

तुला माहीत होतं का, असं विचारणार होतो, पण ते विचारण्यातही काही अर्थ नव्हता. तिचा कधीच गोंधळ झालेला नव्हता. पाच वर्षांची असल्यापासून पोरगी मला सांभाळून घेत होती. मी म्हणालो, सांग.

तिनं वर्गांकडं बघितलं. सगळ्यांना कुलपं होती. मग ती धावत गेली आणि झाडांना पाणी घालणाऱ्या शिपायाला सांगून आली.